सशाची शिंक



ह्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळविला, 'घरातील आजारी सशाची निगा'. त्यावर त्यांनी फोन करून विचारले, "आपलेच पत्र आहे ना हे?" मी म्हटले, माझेच आहे, आणि शुद्धीवर असताना लिहिले आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगाव अशा माला निघाल्या, आणि त्यांचा हेतू एकच राहिला: ज्याला जे थोडेफार ठाऊक आहे ते त्याने चारचौघांत सांगावे. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या खटल्यांच्या कागदांवर झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते पशुवैद्यांकडून ऐकलेले, पुस्तकांतून ताडून पाहिलेले, आणि स्वतःच्या चुकांची किंमत देऊन शिकलेले असे आहे. आपल्या शिरूर-दौंड भागात मुलांच्या हौसेखातर ससा आणणारी घरे आता नवी राहिली नाहीत. ससा आणताना सर्व घर आनंदात असते. तो शिंकू लागला की काय करावे हे कोणासच सुचत नाही. त्या घरांसाठी हे बोलणे आहे.

आमच्या घरी ससा आला तो हौसेने आला नाही, ठेव म्हणून आला. कुरकुंभच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारे एक गृहस्थ दौंडला खोली घेऊन राहत होते. कंत्राट संपले, खोली सोडावी लागली, आणि कुटुंब मराठवाड्यातील आपल्या गावी निघाले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीजवळ एक राखी रंगाची सशीण होती, तिचे नाव भुरी. मुलीचा बाप मला म्हणाला, "दादा, परत काम लागलं की घेऊन जातो. तोवर तुमच्याकडं राहू द्या." पोरगी काही बोलली नाही. तिने पुठ्ठ्याचे खोके माझ्या हातात दिले आणि आत कोथिंबिरीची एक काडी टाकली. चौफुला, पारगावचा पूल, न्हावरे असा एस. टी.चा प्रवास मी ते खोके मांडीवर घेऊन केला. घरी पोचलो तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अहो, माणसांची गाऱ्हाणी कमी पडली म्हणून ही आणलीत का?"

मी भुरीसाठी चांगले लाकडी खोके केले. वारा लागू नये म्हणून ते जिन्याखालच्या बंद कोपऱ्यात ठेवले. खाली अंथरायला काय घालावे हा प्रश्न होता. एका साखर कारखान्यातील मित्राने बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या भुशाचे, पोते दिले. फुकटचे, मऊ, ओल शोषणारे! मी खूश झालो. दर रविवारी खोके झाडायचे असा नियम केला. झाडला नाही असा एकही रविवार गेला नाही, हे मी अभिमानाने सांगत असे.

पंधरवड्याने भुरी शिंकली. सशाची शिंक बारीक असते, फुटाणा फुटावा तशी. घरात सर्वांना गंमत वाटली. मीही हसलो. पुढे शिंका वाढल्या, तेव्हा आम्ही म्हटले, हवा बदलली. मग तिच्या पुढच्या दोन्ही पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट, गुठळ्या झालेले दिसू लागले. मला वाटले, पाण्याच्या वाटीत पाय बुडवीत असेल. आणि एका संध्याकाळी तिने पुढ्यातली कोथिंबीर तशीच ठेवली.

त्या रात्री मी जे केले ते सांगायला मला लाज वाटते. परंतु सांगितले नाही तर ह्या भाषणाचा उपयोग नाही. माझ्या दाढेच्या दुखण्यावर दिलेल्या ॲमॉक्सिसिलीनच्या दोन कॅप्सुली कपाटात उरल्या होत्या. माणसाच्या सर्दीपडशाला चालते ते सशाला का चालू नये, असा विचार करून मी एक कॅप्सूल उघडली आणि अर्धी पूड तिच्या पिण्याच्या पाण्यात मिसळली. भुरीने त्या पाण्याला तोंड लावले नाही. तिला त्या दिवशी काहीच नको होते, म्हणून ती वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढण्याच्या आत, आम्ही नगर रस्त्याने पुण्याला गेलो. ससे पाहणाऱ्या एका पशुवैद्य बाईंचे नाव कोणी तरी दिले होते. मी कॅप्सुलीचे सांगताच त्यांनी हातातले काम थांबविले. "काका, ती पोटात गेली असती, तर तुम्ही इथं ससा आणला नसता."

त्याचे कारण असे. ससा गवत पचवितो ते स्वतःच्या बळावर नव्हे, तर त्याच्या आतड्यातील जंतूंच्या बळावर. हे जंतू त्याचे चाकर नव्हेत, भागीदार आहेत. पेनिसिलीनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिली तर हे भागीदार मरतात, विषारी जंतू माजतात, आणि एकदोन दिवसांत हगवण लागून ससा जातो. सशाला ओकारीही करता येत नाही. पोटात गेले ते गेले. म्हणून पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: माणसाच्या कपाटातले औषध सशाला नाही.

बाईंनी भुरीला तपासण्यापूर्वी मला चार प्रश्न विचारले. खोके कोठे ठेवता? खाली काय घालता? लघवीची जागा किती दिवसांनी साफ करता? घरात धूर कशाकशाचा होतो? हे प्रश्न ऐकून मी ओशाळलो. तीस वर्षे कारखान्यात शिरल्यावर मी हेच प्रश्न विचारीत आलो आहे. १९४८च्या कारखाना कायद्यात तेरावे कलम हवा आणि उष्णतेचे होते, चौदावे धूळ आणि धुराचे. ही दोन कलमे मला झोपेतसुद्धा पाठ. आणि माझ्याच जिन्याखाली दोन्हींचा भंग चालला होता.

आता हा रोग काय आहे ते पाहू. माणसाचे नाक चोंदले तर तो तोंडाने श्वास घेतो. सशाच्या घशाची रचना अशी आहे की तो जवळजवळ सर्वस्वी नाकानेच श्वास घेतो. म्हणून आपल्याला जी साधी सर्दी ती त्याला श्वासाची अडवणूक असते. नाक भरले की वास येत नाही, वास नाही म्हणून खाणे नाही, खाणे नाही म्हणून आतडे थांबते. सशाचे आतडे थांबणे म्हणजे गिरणीचा पट्टा तुटणे. फुप्फुसे राहतात बाजूला आणि तो पोटाने मरतो.

ह्या सर्दीचे एक मोठे कारण म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू. नाव परके असले तरी ओळख जुनी आहे. आपल्या म्हशींना आणि गाईंना पावसाळ्याच्या सुमारास जो घटसर्प होतो, गळा सुजून जनावर घुसमटते, तो ह्याच जातीच्या जंतूचा प्रताप. त्याची लस आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी टोचतात, आणि पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत ती तयार होते. जंतूच्या पोटजाती निराळ्या आहेत. तेव्हा म्हशीची लस सशाला टोचू नका. परंतु हे कुळ किती दांडगे आहे हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८०च्या सुमारास कोंबड्यांच्या मरीवर संशोधन केले ते ह्याच जंतूवर. त्याच्या स्मरणार्थ हे नाव. मल्टोसिडा म्हणजे पुष्कळांना मारणारा. ऑस्ट्रेलियात सशांनी कुरणे फस्त केली तेव्हा १८८८ साली पाश्चरची माणसे हाच जंतू घेऊन सिडनीला गेली होती, ससे मारण्यासाठी. तो रानात सोडायची परवानगी त्यांना मिळाली नाही. इतर जंतूही सशाला सर्दी करतात, आणि कधी दाताची मुळे वाढून नाक वाहते. म्हणून नाकातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन प्रयोगशाळेत तपासणे हा खरा मार्ग.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. हा जंतू पुष्कळ निरोगी सशांच्या नाकात वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. मग एखादा ससा आजारी का पडतो? बाई म्हणाल्या, "जंतू दारात बसलेला असतो. दार आपण उघडतो."

माझ्या घरी ते दार असे उघडले. सशाच्या लघवीतून अमोनिया निघतो. दूध थंड करण्याच्या कारखान्यांत किंवा बर्फाच्या कारखान्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना हा वायू ठाऊक आहे. आठ तासांच्या पाळीत हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पंचवीस भाग, ही कामगारांसाठी कारखाना कायद्यात घातलेली मर्यादा होती. आपल्या श्वासनलिकेच्या आतून अतिसूक्ष्म केस असतात. ते झाडूवाल्यासारखे अहोरात्र घाण वर ढकलीत असतात. अमोनियाने हे झाडूवाले लुळे पडतात, आणि जंतूला रान मोकळे मिळते. आता पाहा, माझे नाक जमिनीपासून पाच फुटांवर, भुरीचे चार इंचांवर. वायू निघतो तो ओल्या अंथरुणातून, तिच्या नाकाखालीच. मला खोक्याजवळ उभे राहून काहीच वास येत नव्हता, म्हणून मी हवा शुद्ध आहे असा निकाल दिला होता. साहेब केबिनच्या काचेतून खात्याकडे पाहून हवा ठीक आहे म्हणतो, तसाच तो निकाल.

दुसरे बगॅस. साखर कारखान्यातल्या जुन्या माणसांना विचारा. दमट राहून बुरशी चढलेल्या बगॅसच्या धुळीने कामगारांच्या छातीला जो रोग होतो त्याला वैद्यकात बगॅसोसिस असे स्वतंत्र नावच आहे. ज्या धुळीविरुद्ध मी कामगारांसाठी तोंड बांधायला फडके आणि पाण्याचा फवारा मागितला, तीच पोत्याने घरी आणून मी एका मुक्या प्राण्याच्या नाकाखाली पसरली. तिसरे, धूर. आमच्याकडे सकाळी उदबत्ती, संध्याकाळी डासांची कॉइल, आणि मधल्या वेळी मिरचीची फोडणी. जिन्याखालचा कोपरा वारा लागत नाही म्हणून मी निवडला. तेथे वारा लागत नव्हता, आणि घाण हवा बाहेरही जात नव्हती. वाऱ्याचा झोत आणि हवेची ये-जा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झोत नको, ये-जा हवी.

आता निगा सांगतो, क्रमाने.

प्रथम जागा बदला. दोन बाजूंनी जाळी असलेला पिंजरा, सावलीत, जमिनीपासून थोडा वर, स्वयंपाकघरापासून आणि देवघराच्या धुपापासून दूर. लघवीचा कोपरा ससा बहुधा ठरवून घेतो. तेथे रद्दीचा कागद किंवा सुती फडके घालून ते रोज बदला. रविवारची वाट पाहू नका. भुसा, मग तो लाकडाचा असो की उसाचा, नको. कडबा आणि वाळले गवत उन्हात झटकून, धूळ उडवून मगच घाला. बुरशीचा वास आला तर टाकून द्या, हळहळू नका.

दुसरे, उन्हाळा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपार जातो. ससा घामाने निवत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः लांब कानांतून बाहेर टाकतो. तीस अंशांच्या वर त्याची तगमग सुरू होते, आणि नाक चोंदलेल्या सशाला ती झेपत नाही. ओले तरट एका बाजूला टांगा, बसायला शहाबादी फरशीचा थंड तुकडा द्या, बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. कूलरचा झोत अंगावर सोडू नका. आणि ससा पाण्यात बुचकळून थंड करू नका. त्या धसक्यानेच तो जाऊ शकतो.

तिसरे, नाक. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकपुड्या आणि पुढच्या पायांचे केस दिवसातून दोनतीनदा हलक्या हाताने पुसा. पायांचे केस चिकट होतात ते पाण्याने नव्हे. ससा मांजरासारखा पायांनी तोंड पुसतो, त्याचा तो पुरावा असतो. मला तो तीन आठवडे वाचता आला नाही. बाम, कापूर, निलगिरी लावू नका. उकळत्या पाण्याचा वाफारा देऊ नका. डॉक्टरांनी सांगितल्यास मिठाच्या पाण्याचा थंड फवारा यंत्राने देता येतो.

चौथे, खाणे. सशाच्या आहाराचा मोठा भाग गवतच असावे. आजारात वास येत नाही म्हणून वासाचा पाला पुढे करा: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, ओली हरळी. अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही आणि लेंड्या थांबल्या, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पातळ खाणे पिचकारीने देण्याची वेळ आली तर तोंडाच्या कडेने, थेंबाथेंबाने, ससा चारी पायांवर बसलेला असताना द्या. उताणा धरून पाजले तर ते फुप्फुसात जाते. कानांना धरून उचलू नका हे सांगायला नकोच.

पाचवे, औषध. ते डॉक्टरांनी ठरवायचे, आणि तितके दिवस पुरते द्यायचे. भुरीला एन्रोफ्लॉक्सासिन नावाचे औषध कित्येक आठवडे दिले. पाचव्या दिवशी तिच्या शिंका थांबल्या तेव्हा मला वाटले, झाले. बाईंनी फोनवर दटावले. अर्धवट सोडलेले औषध हे अर्धवट सोडलेल्या संपासारखे असते, एवढे मला समजले. समोरचा पुढच्या वेळी अधिक माजून येतो.

सहावे, नवा ससा आणला तर तो निदान तीनचार आठवडे निराळ्या खोलीत ठेवा, आणि आजाऱ्याला हात लावल्यावर हात धुवा. गिनीपिग शेजारी ठेवू नका. सशाच्या नाकात निमूट राहणारा एक जंतू त्याला प्राणघातक ठरतो.

आता सर्वांत कठीण गोष्ट. ससा आजार लपवितो. रानात ज्याच्यामागे कोल्हा, घार, कुत्रा लागलेला असतो, त्याने लंगडून दाखविले की तो संपला. म्हणून तो शेवटपर्यंत ताठ बसतो, आणि आपण म्हणतो, कालपर्यंत तर चांगला होता हो! तो कालपर्यंत चांगला नव्हता. कालपर्यंत आपल्याला दिसले नव्हते. ह्यावर उपाय एकच, ठरवून पाहणे. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. स्वस्थ बसलेला असताना कुशीकडे पाहून मिनिटाला श्वास मोजा. साधारण तीस ते साठ असावेत. लेंड्यांचा आकार पाहा. मान एकीकडे कलली तर रोग कानात उतरला असे समजा. तोंड उघडून, मान वर करून श्वास घेऊ लागला तर एक क्षण दवडू नका.

हे सर्व मी एका वहीत लिहीत होतो. एका रविवारी त्या मुलीचा फोन आला, "आजोबा, भुरी शिंकते का अजून?" मी वहीतले आकडे सांगू लागलो. पलीकडे तिचा बाप खोकत होता. तो खोकला मी दौंडला असतानाही ऐकला होता, दोन वर्षे ऐकला होता. विचारले की तो म्हणे, "काही नाही दादा, धूळ." तो का लपवीत होता हे मला ठाऊक होते. छातीत दोष निघाला की पुढच्या कंत्राटात नाव नाही, ही भीती. ठाऊक असून मी ते 'काही नाही' मान्य करून पुढे गेलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी मागणीपत्र द्यायचे होते. सशाचे श्वास मोजणाऱ्या माणसाने त्या माणसाचे मोजले नव्हते. त्या दिवशी मी फोनवर हट्ट धरला आणि छातीचा फोटो काढायला लावला. आज त्यांचे उपचार चालू आहेत. त्याविषयी येथे अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही.

भुरी पूर्ण बरी झालेली नाही. हा जंतू एकदा घर करून बसला की पुष्कळदा आयुष्यभर राहतो. ऋतू पालटला की ती चारसहा दिवस शिंकते, आम्ही नाक पुसतो, वजन पाहतो, गरज पडली तर पुण्याला नेतो. एरवी खाते-पिते, अंगणात उड्या मारते. ठेव अजून परत गेलेली नाही, पण सांभाळलेली आहे. मुलगी दर रविवारी हिशेब विचारते, आणि तो खरा द्यावा लागतो.

मंडळी, एक विनंती करून थांबतो. आपल्या घरी ससा असेल तर उद्या सकाळी त्याच्या पिंजऱ्याशेजारी जमिनीवर आडवे व्हा, गाल फरशीला टेकवा, आणि त्याच्या नाकाच्या उंचीवर एक मोठा श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर प्रथम झाडू घ्या, मग डॉक्टरांकडे जा. मी हे माझ्या जिन्याखाली केले तेव्हा मला ठसका लागला, आणि आमची मंडळी म्हणाली, "तिला बिचारीला रोज हेच होतं."